पाठमोरी आळी

तुम्ही वेशीतनं आत आलासा, तवा समद्या सूर्यफुलांनी तुमच्याकडं पाठ केली आसंल. वाईट वाटून घिऊ नका. ह्या आळीचं नावच पाठमोरी आळी. चौदा घरं एका ओळीत, आन् हरेक घरानं फुलं लावायची ती परसाच्या उगवतीच्या कडंला, शेजारणीच्या कुंपणाला खेटून. सूर्यफूल उमललं की उगवतीकडं तोंड करून ऱ्हातं. म्हंजी पाणी घालणारीला पाठ, आन् शेजारणीला फुकटात तोंड. मागल्या साली एक शिकलेला पाव्हणा मला म्हणाला, आजी, तुमची लावायची जागा चुकलीया. म्हणलं, व्हय बाबा, पाच पिढ्या चुकतीया.

ही चूक पहिल्यांदा केली ती चांगुणानं, आसं सांगत्यात.

तवा हितं दोनच घरं व्हती म्हणं. दोघं सख्खे भाऊ, मधी तुराट्यांचं कुंपण. उगवतीला थोरली जाऊ गोजरबाई, मावळतीला धाकटी चांगुणा. गोजरबाईच्या हाताला लई गुण. दोडका म्हणा, घेवडा म्हणा, तिनं बी टाकलं की मांडवावर चढलंच. चांगुणाचं मातुर कायबी लागत नसे. कारल्याचा वेल लावला तर वीतभर वाढायचा आन् मान टाकायचा.

येकदा विहिरीवर आठ-धा बाया पाणी वढत व्हत्या. गोजरबाईची जीभ म्हंजी हिरव्या मिरचीचा ठेचा. ती म्हणाली, "आमच्या चांगुणीला बघितलं की वेलसुदिक पाठ फिरवतो."

बाया हसल्या. चांगुणा न्हाई हसली. भरलेली घागर तिथंच पालथी केली आन् तडक उगाईच्या देवळात गेली. ही आमची उगाई, आळीच्या टोकाला बसलीया ती. तिच्या पायावर हात ठिऊन चांगुणा बोलली, "आई, मी लावलेलं फूल माझ्याकडं तोंड करून बघंल, तवाच मीठ खाईन."

आता नवस करावा, पन जरा बघून करावा. गोड सोडायचं, पान सोडायचं. हिनं मीठ सोडलं. आळणी भाकरी, आळणी कालवण, आन् वर रानातलं काम. तिचा नवरा धोंडिबा म्हणाला म्हणं, "नवस तुझा, आन् आळणी आमटी मी का खायाची?" तरी बिचारा खात व्हता.

दोघी जावांचं बोलणंबी बंद झालं. कुंपणाच्या ह्या अंगानं ही खाकरली तर त्या अंगानं ती भांडं आपटायची.

चांगुणाला वाटलं, फूल लावावं तर आसं मोठं लावावं की कुणी न्हाई म्हणू नये. त्या वक्ताला बांगड्या भरायला येक कासारीण यायची. तिनं कुठल्या तरी लांबच्या बागंतनं पट्ट्यापट्ट्याचं बी आणलं व्हतं. म्हणाली, "ताटायेवढं फूल येतं बघ." चांगुणानं ओंजळभर मागून घेतलं आन् उगवतीच्या कडंला, कुंपणाला लागून, बोटभर खोल टोबलं. का तर सकाळचं ऊन तिथं पयलं पडतं.

पाचव्या दिशी माती फुगली, चाळीस रोपं लागली. दोन पानं वर आली, आन् डोक्यावर बियाचं टरफल तसंच, जशी ल्हान पोराला टोपी घालावी तशी. चांगुणा उकिडवी बसून येकेक टोपी नखानं काढत बसायची म्हणं. काढू नये, आपोआप पडती. पन तिला कोण सांगणार, आन् तिनं कुणाचं ऐकलं असतं?

मग जी वाढ लागली, ती काय सांगू. आज गुडघ्याला, आठवड्यानं कमरंला, महिन्यानं डोक्याच्या वर. सकाळी पाणी घालताना ती आपला हात वर करून मापायची आन् मापता मापता हसायची. आळणी भाकर खाऊन गाल बसलेले, पन परसात पाय ठेवला की बाई उजळायची. धोंडिबाबी सांजचा तिथंच येऊन बसाय लागला. म्हणायचा, हितं बसलं की आमटी बरी लागती.

आन् आता गंमत ऐका. सूर्यफूल कळीत आसतंय तवा ऊन जाईल तिकडं मान वळवतं. सकाळी उगवतीला, सांजचं मावळतीला. म्हंजी रोज सांजच्याला चाळीसच्या चाळीस कळ्या चांगुणाच्या दाराकडं तोंड करायच्या. तिला वाटलं, झालं. आता नुसती उमलली की नवस फिटला. चुलीपाशी मिठाचा डबा आणून ठेवला म्हणं, झाकण काढून.

आन् मग उमलली. उमललेलं फूल काय मान वळवत न्हाई. ते येकदा उगवतीला बघतं ते बघतंच. चाळीस फुलं, ताटायेवढी, पिवळी धम्मक, समदी कुंपणावरनं गोजरबाईच्या परसात डोकावत्यात, आन् चांगुणाकडं नुसती हिरवी पाठ.

चांगुणानं येक दिस वाट बघितली, दोन दिस बघितली. तिसऱ्या दिशी सुतळी घिऊन येका फुलाची मान वळवाय गेली, तर देठ कडकन् मोडला. सा दिस गेले. धोंडिबा म्हणाला, तू शेतात येऊ नको, चक्कर यिऊन पडशील. सातव्या सकाळी चांगुणा विळा घिऊन परसात गेली. समदी उभी कापायची, आन् जल्मभर आळणी खायाचं, आसं ठरवून.

पयल्या झाडाला हात घातला, आन् पलीकडनं आवाज आला.

पलीकडं काय चाललं व्हतं, ते कुणाला ठावं नव्हतं. गोजरबाई सकाळी मोरीवर तोंड धुवायला आली, की वरनं ती समदी तोंडं तिच्याकडं बघायची. पयल्या दिशी ती दचकली. दुसऱ्या दिवसापास्नं डोक्यावर पदर घिऊन याय लागली. मग हळूहळू बोलाय लागली. घरात माणसं कामाला गेलेली, लेक नांदायला गेलेली, बोलायचं कुणाशी?

चांगुणानं ऐकलं, गोजरबाई फुलांना सांगत व्हती, "बघू नका रे आसं. तुमची मालकीण आळणी खाती म्हणं. मी काय तिला येवढं बोलले व्हते का?"

मग चूळ भरल्याचा आवाज.

"बोलले व्हते," गोजरबाई म्हणाली. "आन् झाडं किती ग्वाड आणलीत बघ मेलीनं. माझ्या बापजल्मात मला न्हाई जमली."

चांगुणा तशीच वळली. घराला वळसा घालून, समोरच्या दारानं, थेट गोजरबाईच्या परसात. विळा हातात तसाच. गोजरबाईनं बघितलं आन् तांब्या खाली ठेवला.

"मारायलाच आलीस," ती म्हणाली, "तर आधी चार घास खा. हातात जोर तरी ईल."

चांगुणाचं ध्यान नव्हतं. तिनं वर बघितलं. सकाळचं ऊन, आन् येकुणचाळीस फुलं तोंडभरून तिच्याकडं बघत्यात. तिचीच फुलं, आन् ती पयल्यांदा बघत व्हती. विळा कवा गळला तिला कळलं न्हाई, आसं सांगत्यात.

गोजरबाई आत गेली. गरम भाकरी आणली, वर ठेचा. चांगुणा खाली बसली. पयला घास तोंडात घातला, डोळ्यांतनं धारा लागल्या, आन् म्हणाली, "आक्का, मीठ जादा झालंय."

"नावं ठेवल्याबिगर तुझ्या घशाखाली उतरायचं न्हाई," गोजरबाई म्हणाली, आन् आणखी येक भाकरी टाकायला उठली.

तवापास्नं ही रीत पडली. फुलं उमलली की लावणारीनं शेजारणीच्या परसात जायाचं. हाक मारायची न्हाई, कडी वाजवायची न्हाई. शेजारणीनं ठेचा-भाकरी वाढायची. ज्याच्या दारात फुलांच्या पाठी, त्येनं तोंडं बघायला शेजारी जायाचं. शेवटच्या घराची फुलं उगाईकडं बघत्यात, त्या घरच्या बाया भाकरी घिऊन देवळातच जात्यात.

आन् आजही आमच्या आळीत दोन घरांचं बिनसलं, तर कुणी समजूत घालाय जात न्हाई. मूठभर बी नेऊन देत्यात, बास. फूल यायला दोन महिने लागत्यात. तवर रोज पाणी घालायचं. रागानं घातलेलं पाणीबी रोपाला चालतं.