मंत्रालयातली आढी

तुरुंगमंत्री तात्यासाहेब मयेकर आंबा खात होते. कायदेसुधारणेचे मसुदे लिहिणारी वकील शर्वरी डिचोलकर नवा मसुदा घेऊन समोर उभी होती. खटला न चालताच वर्षानुवर्षं तुरुंगात पडलेल्या कच्च्या कैद्यांना जामीन द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

“बाई, मी बागायतदार माणूस,” कोय चोखत साहेब म्हणाले. “कच्चा माल आढीतच ठेवायचा असतो. आरोप आहे म्हणजे गुन्हा केलाच असणार. पडू दे आत, पिकेल!”

बाजूला उभे असलेले अधिकारी फिदीफिदी हसले.

“पटलं, साहेब,” शर्वरी म्हणाली. “फसवणुकीचा खटला तुमच्यावरही आहे, निकाल अजून लागायचाय. म्हणजे तुम्हीही कच्चेच. मग तुमची आढी चुकून मंत्रालयात कशी लागली?”

कोय ताटलीत पडली. मसुद्यावर सही झाली, पण आंबा काही बाईंना कुणी विचारला नाही.