अण्णांशी बोलणे, वेळ पंधरा मिनिटे

"...मग माझं चुकलं कुठं, बुवा? तेवढंच सांगा."

जयवंत देवणीकरने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळी बुवा तांदूळ निवडत होते, आताही निवडतच होते.

धानोऱ्याच्या मठात भेटीची वेळ ठरवून मिळत नाही. यायचं, ओट्यावर बसायचं, बुवांनी हाक मारली की आत जायचं. जयवंतला हे ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी तो वडिलांचं बोट धरून इथं यायचा. तरी पठ्ठ्याने पुण्याहून मठाच्या पत्त्यावर मेल पाठवली होती: शनिवार, सकाळी अकरा ते साडेअकरा. मठाच्या कचेरीतला कॉम्प्युटर उत्सवाची पत्रिका छापण्यापुरता उघडतात. साहेब अकराला आले आणि तीन वाजेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. साठ माणसांचं ऑफिस चालवणाऱ्याला ते चांगलंच झोंबलं होतं.

"अण्णांना जाऊन पाच आठवडे झाले," तो म्हणाला. "चार वर्षांत मी एक रविवार चुकवला नाही. दहाच्या ठोक्याला फोन. परदेशात होतो तेव्हासुद्धा. लोक म्हणतात, मुलगा असावा तर असा."

"मग टोचतंय काय?"

जयवंतने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि सतरंजीवर उघडून ठेवला.

"हे. दर रविवारी दहाला हे वाजतं. 'अण्णांशी बोलणे.' काढून टाकायला गेलो की विचारतं, फक्त ही नोंद काढू, की यापुढच्या सगळ्या? मला... मला बोट टेकवता येत नाही, बुवा. पाच रविवार झाले. उद्या सहावा. तुम्ही म्हणा, काढून टाक. म्हणजे मी काढतो आणि मोकळा होतो."

"मोकळा व्हायला आलास."

"हो."

बुवांनी सूप बाजूला सारलं.

"कसं चालतं ते दाखव."

यंत्राची गोष्ट निघाली तसा जयवंतचा आवाज सुधारला. ऑफिसात नवीन माणसांना समजावायचा तसा तो बुवांना समजावू लागला. संपर्कांच्या यादीत अण्णांचं नाव, नंबर, औषधं. त्या नावावरून कॅलेंडरात रविवारची नोंद. शनिवारी त्या नोंदीचं आमंत्रण आपोआप अण्णांना मेलने जायचं. अण्णा उदगीरला त्यांच्या कॉम्प्युटरवर 'येणार' दाबायचे, की इकडे नोंदीवर हिरवी खूण. दहाला घंटी. सव्वादहाला पुढचं काम. संपर्क, कॅलेंडर आणि मेल, तिन्ही एकमेकांना नीट जोडून दिले की डोक्याला ताप नाही.

सत्तरी ओलांडलेल्या अण्णांना, शाळेतल्या जुन्या ड्रॉइंग मास्तरांना, त्याने हे सगळं एका दिवाळीच्या सुट्टीत शिकवलं होतं. अण्णांनी वहीत आकृत्या काढून घेतल्या होत्या. मठाच्या दारावरची पाटीही त्यांनीच रंगवलेली.

"अन् त्यांना मधेच बोलावंसं वाटलं तर?"

"कामाच्या वेळी फोन करू नका, असं मीच सांगितलं होतं. काही असलं तर त्याच आमंत्रणाला उत्तर देऊन दुसरी वेळ सुचवा म्हटलं. तशी सोय असते त्यात. त्यांनी कधी सुचवली नाही."

"कधीच?"

"नाही."

"त्यांची उत्तरं कुठं यायची?"

"एका वेगळ्या कप्प्यात पडतात. आपोआप. नुसता होकार तर असतो, त्यात वाचायचं काय?"

 बुवांनी सुपातला एक खडा उचलला आणि तळहातावर घेऊन बसले.

...

जयवंतने कप्पा उघडला. बुवांना दाखवावा म्हणूनच उघडला. दोनशे सात पत्रं, आणि एकही वाचलेलं नाही.

त्याने अगदी जुनं एक उघडून मोठ्याने वाचलं.

'येणार. डाव्या कानाने ऐकू येत नाही हल्ली. सावकाश बोलशील का?'

मग पुढचं कुठलं तरी.

'येणार. उद्या तुझ्या आईची तिथी. खीर करणार आहे.'

'येणार. मागच्या खेपेला एक सांगायचं राहिलं. तू घाईत होतास.'

'येणार. ते सांगायचं अजून राहिलंच आहे.'

जयवंत वाचत खाली खाली जाऊ लागला. मोठ्याने वाचायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. त्याला शरम वाटत होती, आणि तळाशी काय असेल याची भीतीही वाटत होती. होकाराऐवजी अण्णांचं दुसरं काही आलं असेल, तर तेही याच कप्प्यात पडलं असणार, हे आता त्याच्या ध्यानात आलं.

शेवटचं पत्र सोमवारी आलेलं होतं आणि त्यात 'येणार' नव्हतं. ते त्याने पुन्हा मोठ्याने वाचलं.

'नवीन वेळ सुचवली आहे: मंगळवार, दुपारी चार.'

खाली अण्णांनी लिहिलं होतं, 'रविवारच्या आधी जमलं तर बघ. कामात असशील तर राहू दे.'

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी अण्णा गेले होते.

...

"त्या मंगळवारी कुठं होतास?" बुवांनी विचारलं.

जयवंतने कॅलेंडर उघडलं. महिना मागे नेला. बारा वाजता बैठक. दोन वाजता बैठक. साडेपाचला दातांचे डॉक्टर. मधल्या चौकोनावर त्याचं बोट थांबलं.

"रिकामं होतं, बुवा... चार ते पाच. काहीच नव्हतं."

  बाहेर कुणीतरी ओटा झाडत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

अण्णांच्या पत्राखाली दोन बटणं अजून तशीच होती. 'स्वीकारा'. 'नाकारा'.

"बुवा," तो म्हणाला, "आता मी यातलं काय दाबू?"

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. बसायचं आसन उचललं, दारात जाऊन झटकलं, परत आणून, अण्णा येत तेव्हा अंथरायचे तसं, जयवंतच्या समोर अंथरलं. त्याची एक कड दुमडली होती, ती वाकून सरळ केली. पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र आसनाशेजारी ठेवलं.

मग ते उंबऱ्यापलीकडे गेले आणि पायात वहाणा सरकवू लागले.

"बुवा, कुठं निघालात?"

बुवांनी बाहेरून दार ओढून घेतलं. पुरतं लावण्याआधी थांबले.

"पंधरा मिनिटांत उठू नकोस."