दिल्लीहून ट्रकवर येणारी गाडी

पन्नास वर्षांपूर्वी ऐकलेली एक टकटक अजून माझ्या कानात आहे. चिपळूणच्या ज्या गॅरेजात मी मेकॅनिकचं काम शिकलो, तिथल्या उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि त्याची मूठ माझ्या कानाला लावली. म्हणाले, "हा आवाज आला की समजायचं, इंजिन आतून गेलं."

परवा माझा भाचा हेरंब गाड्यांच्या एजंटाला, साळवीला, घेऊन घरी आला. पाच वर्षं जहाजावर राबून साठवलेलं सगळं घालून हेरंब दिल्लीतली एक जुनी, वेगवान गाडी न बघताच घ्यायला निघाला होता. साळवीने मोबाइलवर व्हिडिओ लावला. गाडी चकाचक दिसत होती, पण वर मोठ्याने गाणं वाजत होतं.

"गाणं बंद करा, इंजिन ऐकू दे," मी म्हणालो.

"गाणं व्हिडिओतच आहे, काका. आणि तुमचे कान जुन्या जीपचे! ही दोनशे वीसनं पळते. इंजिन एकदम कोरं."

"मामा, आजच ॲडव्हान्स देऊन टाकतो," हेरंब म्हणाला.

"दे की. पण गाडी येणार कशी?"

"ट्रकवर चढवून," साळवी म्हणाला. "आठ दिवसांत दारात."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "दोनशे वीसनं पळणारी गाडी ट्रकवर कशाला चढवता, साळवी? तुम्हीच चालवत आणा. पेट्रोल माझं, वाटेतलं जेवणखाण माझं. दारात येऊन उभी राहिली, की हेरंब तिथल्या तिथे सगळे पैसे देईल."

हेरंब साळवीच्या तोंडाकडे बघत राहिला. साळवीने मोबाइल खिशात घातला आणि चहाला हातही न लावता तो निघून गेला.