खांबाला दिलेला दोर

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाच्या देवळासमोर एक जुना वड होता, आणि वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी, त्या वडाच्या आडव्या फांदीला बारा रंगांचे बारा दोर बांधले जात. दहा ते पंधरा वर्षांच्या बारा मुलांनी एकेक दोर हाती धरायचा आणि ढोलकीच्या ठेक्यावर एकमेकांच्या आतून-बाहेरून नाचत जायचं. सहा जण उजवीकडून, सहा जण डावीकडून. नाचता नाचता वर दोरांची जाड वेणी विणली जाई. तोच गोफ. मग उलट्या पावलांनी नाचून तो पुन्हा सोडवायचा. गोफ सुटल्याशिवाय प्रसादाच्या कढईवरचं झाकण काढायचं नाही, असा गावाचा रिवाज होता.

त्या वर्षी गोफाची म्होरकी होती तेरा वर्षांची चांगुणा. तिच्यापुढे पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. गेल्या वर्षीच्या बारा जणांतली गोदा मामाच्या गावी शिकायला गेली होती आणि मुलं उरली होती अकरा. गावात बाकी होती ती एक तर दुडदुडणारी, नाही तर मिसरूड फुटलेली.

बारावी कोण, हे चांगुणाला मात्र पक्कं ठाऊक होतं. तळ्याच्या बांधाचं दगडकाम करायला घाटापलीकडून सात कुटुंबं आली होती आणि काम संपल्यावर तळ्याकाठीच राहिली होती. त्यांची बोली वेगळी, देव वेगळा, भाकरी थापायची रीतसुद्धा वेगळी. त्यांच्यातली, चांगुणाच्याच वयाची सोमली रोज संध्याकाळी देवळाच्या बुटक्या दगडी गडग्यावर बसून सराव बघे. बसल्या जागी तिचे पाय ठेका धरत. चांगुणाने तिला सांगून टाकलं, "उद्यापासून गोदाचा दोर तुझा." सोमली धावत घरी गेली आणि नाचताना पायात येऊ नये म्हणून आईकडून आपला परकर दोन बोटं आखूड करून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा वडाखाली दाजीबा बसले होते. जत्रेचा सगळा कारभार त्यांच्याकडे असे. माणूस वाईट नव्हता, पण जुन्या रुळलेल्या वाटेवरून त्यांचा पाय कधी ढळत नसे. ते म्हणाले, "गोफ गावाचा आहे. तळ्याकडच्यांचा नाही."

"त्यांना येऊन तीन वर्षं झाली, आजोबा," चांगुणा म्हणाली.

"आमच्या पणजोबांना येऊन दीडशे झाली."

"पणजोबा आले त्या दिवशी त्यांना किती झाली होती?"

पारावरची दोन म्हातारी माणसं खुदकन हसली. वादात अडले की दाजीबा हुकूम सोडत. त्यांनी रिंगणात सागाचा एक खांब पुरायला सांगितला. बारावा दोर त्या खांबाला बांधा, म्हणाले. खांब निदान आपल्याच रानातला आहे.

मोठ्यांपुढे आणखी वाद घालायची रीत नव्हती. चांगुणाने मान खाली घातली. सोमली तो आखूड परकर सावरत निघून गेली. दोन दिवस चांगुणाला जेवण गोड लागलं नाही. शब्द तिने दिला होता आणि तो तिनेच मोडला होता.

जत्रेचा दिवस उजाडला. देवळापुढे माणूस मावेना. तळ्याकडची माणसंही गडग्यापाशी येऊन उभी राहिली. ढोलकी वाजली, पावलं पडू लागली. पण गोफात समोरून येणाऱ्याला वाट द्यायची असते, आणि खांब ती कुणालाच देईना. त्याच्यापाशी आलं की मुलांची पावलं अडखळत. आतून जायचं की बाहेरून? कुणी असं गेलं, कुणी तसं. आणि हणम्या, ज्याला चांगल्या वर्षीही डावं-उजवं उमगत नसे, तो तर खांबाला पुरता वळसा घालून आला. पाचव्या फेरीला वर वेणी नव्हती, कावळ्याचं घरटं होतं.

उलट नाचून बघितलं, पण कोण कुठून गेलं होतं ते कुणालाच आठवेना, आणि गुंता वाढला. सूर्य कलला. कढईत लापशी निवत चालली आणि लोकांच्या पोटात कावळे ओरडू लागले. प्रत्येकाजवळ एकेक सल्ला होता. शेवटी दाजीबा कोयता मागवून म्हणाले की दोर कापा, दुसरा इलाज नाही. गोफ कापणं म्हणजे अपशकुन, हे त्यांनाही ठाऊक होतं. 

चांगुणाने आपल्या दहा सोबत्यांकडे बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "दोर कुणी सोडायचा नाही, आणि बारावा दोर माणसाच्या हाती येईतोवर कुणी पाऊलही उचलायचं नाही."

अकरा मुलं अकरा दोर घट्ट धरून उभी राहिली. हणम्याने तर दोर मनगटाला दोनदा गुंडाळून घेतला. दाजीबा एकेका तोंडाकडे बघत गेले. त्यात त्यांचा स्वतःचा नातूही होता आणि तो नजर झुकवत नव्हता. दाजीबांनी कोयता जमिनीवर ठेवला. मग स्वतःच खांबाशी गेले, दोर सोडला आणि गडग्याकडे वळून म्हणाले, "ये गं पोरी."

सोमली आली, त्याच आखूड परकरात. तिने वर बघितलं, मग रिंगणाकडे बघितलं. गडग्यावरून तिला सगळं दिसलं होतं. आपल्या हेलात ती सांगत गेली: शेवटच्या फेरीला हणम्या बाहेरून गेला, त्याने आता बाहेरूनच मागे यायचं. त्याआधी चांगुणा दोनदा आतून गेली. मुलं हसत हसत आपापल्या चुका उलट्या नाचू लागली. ढोलकीवाल्यालाही चेव आला. एकेक पीळ सुटला, आणि सूर्य डोंगराआड जायच्या आत बारा दोर बारा हातांतून मोकळे लोंबू लागले. लापशीवरचं झाकण निघालं तेव्हा टाळ्या गोफाला होत्या की लापशीला, ते सांगणं अवघड होतं.

दाजीबांनी पहिला द्रोण सोमलीच्या हाती दिला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "हिला चांगलं येतं. पुढच्या वर्षीही हिला घ्या."

सगळ्यांना वाटलं, आता चांगुणा पाया पडेल. ती म्हणाली, "आजोबा, हणम्याला कुठे येतं? येतं का, असं त्याला कधी कुणी विचारलंय?"

तोंडात लापशी असलेला हणम्या म्हणाला, "खरंय. मला काहीच येत नाही."

आधी लोक हसले. मग दाजीबाही हसले, आणि हसता हसता थांबले. त्या रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी आणखी चार दोर वळायला सांगितले, कारण तळ्याकडे त्या वयाची आणखी चार मुलं होती. त्यांच्यातल्या कुणाला नाचता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सोळा दोरांचा गोफ विणला गेला. खांब उपटून रिंगणाबाहेर पुरला आहे. नाचताना मुलं त्याच्यावर आपल्या टोप्या अडकवतात.

तात्पर्य: माणसाची जागा खांबाला दिली की गुंता सगळ्यांचाच होतो. ज्याला आपल्यात घ्यायचं त्याची आधी परीक्षा घेऊ नये. आणि मोठ्यांना हे दिसत नसेल, तर लहानांनी दोर घट्ट धरून ते दाखवून द्यावं.