तळाशी नसलेला घेवडा

दूर समुद्रातल्या एका बेटावर, जिथं उन्हाळ्यात वाळूत अनवाणी पाऊल टाकवत नाही, तिथं एक सुगरण राहत होती. तिच्या हाताला चव होतीच. पण ती चव साऱ्या गावानं वाखाणावी, ही हौसही दांडगी होती.

त्या बेटावर उन्हाळ्यात एकदाच बर्फाची होडी यायची. भुशात गुंडाळलेल्या लाद्या उतरल्या, की अख्खं गाव चिंचेखाली जमून हालो-हालो करायचं. हालो-हालो म्हणजे काय, तर पेल्याच्या तळाशी नाना गोड जिन्नस, त्यावर बर्फाचा कीस, वरून दूध, आणि मग सगळं ढवळून गारेगार खायचं. प्रत्येक घरानं एक जिन्नस आणायचा, अशी रीत. कुणी फणसाचे गरे आणी, कुणी शहाळ्याची मलई, कुणी कोनफळाचा जांभळा हलवा. सुगरणीची दूध-अंड्याची वडी खरवसासारखी लुसलुशीत. ती मात्र सगळ्यात वर, दिसेल अशी बसायची. पेले भरायचा मानही सुगरणीचाच.

त्या वर्षी गावात एक बाई नव्यानं राहायला आली होती. तिचा नवरा समुद्रानं नेला होता आणि ती जाळी विणून पोट भरायची. अजून तिला कुणी फारसं आपलं म्हणत नव्हतं. आज गावाच्या पेल्यात आपलंही काही पडणार, म्हणून बिचारी पहाटेपासून चुलीपुढे होती. गुळात शिजवलेला लाल घेवडा तिनं मडक्यातून आणला.

सुगरणीनं मडक्यात डोकावून नाक मुरडलं. दाणे थोडे फुटलेले, रस काळपट. माझ्या वडीखाली हे असलं? लोक म्हणतील, हिचा हात बिघडला. तिनं चाखूनसुद्धा पाहिलं नाही. ‘ठेव, घालते मी,’ असं गोड बोलून तिनं जाळीवालीला बसायला पाठवलं. बाकीचे बर्फ किसण्यात गुंतले होते. तिनं मडकं हळूच गवताच्या भाऱ्यामागे सरकवलं. बर्फाखाली काय आहे नि काय नाही, ते कोणाला दिसतंय!

पेले वाटले गेले. जो तो वडीचं कौतुक करू लागला आणि सुगरण फुलून गेली. तेवढ्यात तिची नजर जाळीवालीकडे गेली. ती खात नव्हती. चमचा पार तळापर्यंत घालून हळूहळू ढवळत होती. एकदा ढवळून पाहिलं, पुन्हा ढवळलं, शेजारच्या आजीच्या पेल्यातही डोकावून पाहिलं. मग तिनं मान वर केली आणि दोघींची नजरानजर झाली. सुगरणीनं पटकन नजर वळवली.

नेमकं तेव्हाच आजीनं जाळीवालीला विचारलं, "काय गं, तुझ्या घरचं काय आहे यात?"

 सुगरणीला वाटलं, आता ही सगळं सांगणार.

जाळीवाली म्हणाली, "या वर्षी नाही जमलं, आजी. पुढच्या वर्षी आणीन."

ज्या घरचा जिन्नस नाही, त्या घरानं सगळ्यांचे पेले धुवायचे, असं गावात ठरलेलं होतं. जाळीवालीला कुणी सांगावं लागलं नाही. ती आपणहून उठली, विहिरीपाशी बसली आणि एकेक पेला घासू लागली. मूठभर साबुदाणा तरी आणायचा होता, अशी बायकांची कुजबुज चालली होती. ती सुगरणीच्याही कानावर आली.

तिला वाटलं, हिनं चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. आता गप्प बसले तर माझं नाव शाबूत राहतंय, आणि ती माझाच पेला धुतेय. लाजेनं तिचे कान तापले. मान वर करायची सोय उरली नाही.

अखेर ती उठली. मडकं आणून तिनं सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

"हिनं आणलं होतं," ती म्हणाली. "मी लपवलं."

  बर्फ केव्हाच संपला होता, लाद्यांच्या जागी नुसता ओला भुसा होता. आजीनं घेवडा तळहातावर घेऊन खाल्ला, मग सगळ्यांनीच घेतला. सुगरणीनंही घेतला. घेवडा छान मुरला होता, आणि म्हणूनच तिला तो गिळवेना.

ती विहिरीपाशी जाऊन बसली आणि तिनं पेला घासायला हात पुढे केला. जाळीवालीनं एक पेला तिच्या हातात दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: दुसऱ्याचा वाटा लपवून आपण मोठे होत नाही. आणि ज्याच्याशी आपण असं वागलो, त्यानंच आपल्याला सांभाळून घेतलं, तर त्यासारखी दुसरी शिक्षा नाही.