खुराड्याची फळी

एकदा एका ज्ञानी वृद्धाकडे त्याचा शिष्य भिवा खाली मान घालून आला. रानमांजराने आठवड्याभरात त्याच्या आईच्या सहा कोंबड्या नेल्या होत्या. रिकामे खुराडे पाहून त्या माउलीच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता. वृद्धाच्या सल्ल्याने भिवाने चार खांबांवर, पुरुषभर उंचीवर नवे खुराडे बांधले. मांजर चढू नये म्हणून खांबांना गुळगुळीत पत्रा ठोकला. मग दोघे बाजाराला गेले.

भिवाचा हात भरल्या अंगाच्या, पांढऱ्या कोंबड्यांकडे गेला. वृद्ध मात्र एकेकीच्या पायाला लांब सुतळी बांधून तिला वर उडवू लागला.

विकणारा वैतागला. "बाबा, कोंबड्या घ्यायला आलाय का पतंग उडवायला?"

वृद्धाने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि अंगाने हलक्या, लांब पंखांच्या चार गावरान कोंबड्या निवडल्या. लोक हसत होते. भिवाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या बाजारी तो एकटाच गेला. आईला अंगण भरलेले दिसावे म्हणून त्याने दोन जाडजूड पांढऱ्या आणल्या. संध्याकाळी गावरान चौघी भुर्रकन वर गेल्या, या दोघी खालीच पंख आपटत राहिल्या. भिवाने डोके चालवले आणि खुराड्याला तिरपी फळी लावली. दोघी डुलत डुलत वर चढल्या.

तेवढ्यात वृद्ध आला. त्याने फळी काढून लांब ठेवली.

भिवाला राग आला. "मग उद्या त्या दोघींनी वर जायचं कसं?"

"तू उचलून ठेवायचं. रोज." वृद्ध शांतपणे म्हणाला, "घर उंच बांधायचं ठरवलंस, तेव्हाच उडणारी निवडायला हवी होती. निवड चुकली, तर तिचा भार आपल्याच हातांनी उचलावा. फळी लावलीस तर सहाही जातील. कोंबडीला वर नेणारी फळी मांजराला अडवत नाही, बाबा."

सकाळी पत्र्यावर ओरखडे होते आणि खाली मातीत पंजांचे ठसे. आईने भीतभीतच खुराड्याचे दार उघडले. चौघी उडून उतरल्या. उरलेल्या दोघींना भिवाने काखेत धरून खाली आणले. आई त्या दिवशी पोटभर जेवली.

अजूनही दिवेलागणीला भिवा त्या दोघींना उचलून वर ठेवतो. बाजारात गेला, की मात्र आधी सुतळी मागतो.