राजपुत्राची संमती

"बाळ स्वतः 'हो' म्हणेल तेच नाव! तोवर बारसं नाही!" राजाने ठणकावलं.

राजाचंही काही चूक नव्हतं. त्याच्या बारशाला ज्योतिषांनी त्याला न विचारता नाव ठेवलं होतं, प्रचंडप्रतापमार्तंड! सही करता करता बिचाऱ्याचं मनगट भरून यायचं. म्हणून मुलाच्या बारशाला भटजी नाही, कुंडली नाही, होम नाही, देवाचं नावही नाही, असा त्याने हुकूम काढला. तिथवर ठीक होतं. पण पाळण्यातल्या बाळाची संमती आणायची कुठून?

दरबार भरला. मधोमध पाळणा. चौघडा दणाणू लागला. सेनापती पुढे झाले आणि रणांगणात आरोळी ठोकावी तसे ओरडले, "रणधीर!"

बाळाने टाहो फोडला.

"नकार!" राजा म्हणाला. "सेनापती, उद्यापासून हत्तीखान्यातलं शेण तुमच्याकडे!"

खजिनदारांनी 'सुवर्णराज' सुचवलं. तेही शेण भरायला गेले. राजकवींनी तर नावाऐवजी अख्खी कविताच ऐकवली. बाळ लालेलाल होईतो रडलं. दरबाऱ्यांना नावं ठेवायची सवय दांडगी, पण नाव ठेवायला आता कुणी पुढे येईना.

पडद्याआड राणी डोळे पुसत होती. बाळाला रोज न्हाऊमाखू घालणारी भिवरा तिच्यापाशी उभी होती.

"मिसरूड फुटेपर्यंत माझं पोर 'बाळ'च राहणार गं!" राणी म्हणाली.

"राणीसाहेब, तुम्हाला कोणतं नाव आवडतं?"

राणी चपापली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "अंकुर," ती हळूच म्हणाली.

भिवरा थेट दरबारात आली. "महाराज, मी विचारते बाळाला."

"रडलं तर हत्तीखाना!"

"चालेल. पण आधी तो चौघडा थांबवा. मला बोलायचंय, लढायचं नाही!"

तिने बाळाला आत नेलं, राणीकडून दूध पाजवून आणलं, पाळण्यात ठेवलं आणि हलके झोके दिले. मग वाकून त्याच्या कानात 'कुर्रर्र' केलं. "बाळा, तुझं नाव अंकुर. हरकत असेल तर आत्ताच सांग हो!"

सगळ्यांनी श्वास रोखले. पाळण्यातून हूं नाही की चूं नाही.

"हरकत नाही!" भिवराने जाहीर केलं.

"अगं, ते झोपलंय!" राजा कडाडला. "झोपलेल्याची कसली संमती?"

"नसते होय?" भिवरा भाबडेपणाने म्हणाली. "मग प्रधानजींचं काय करायचं, महाराज?"

सगळ्यांच्या माना वळल्या. प्रधानजी लोडाला टेकून संथपणे घोरत होते.

"आमच्या गावचं चराऊ रान तुमच्या शिकारीसाठी घ्यायचं ठरलं, तेव्हाही ते असेच होते. बाळाला घेऊन मी इथंच उभी होते ना! पण दवंडी काय पिटली? 'दरबाराने एकमताने मंजूर केलं!' ते एकमत खरं असेल, तर अंकुरबाळाचंही खरं. आणि हे खोटं असेल तर..."

"पुरे, पुरे!" राजा पोट धरून हसू लागला. "नाव अंकुरच! राणीसाहेब, घुगऱ्या वाटा! आणि भिवरा, तुझ्या गावचं रान गावाला परत!"

त्या हसण्याने प्रधानजी दचकून जागे झाले, पगडी सावरली आणि हात वर करून म्हणाले, "मंजूर, महाराज! एकमताने मंजूर!"